रिपोर्ट रुग्णाचा आणि आपला

दाढ काढून झाली, रुग्ण कापूस दाबून बाहेर बाकावर बसला आणि ट्रे आवरताना आमच्या सहायक ताईंच्या अंगठ्यात भुलीच्या इंजेक्शनची वापरलेली सुई ग्लोव्हमधून आत गेली. साबणाने वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावला. त्या अंगठा दाबून रक्त काढत होत्या, तेवढं करू दिलं नाही.

रुग्ण दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. त्यांना आत बोलावून विचारलं, तुमची एचआयव्ही आणि काविळीची तपासणी करू का? 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. "करा की, त्यात काय एवढं," म्हणाले आणि आमच्याच गाडीत बसून सिव्हिलला आले.

निघण्याआधी एका दंतवैद्य मित्राला फोन केला होता. त्याचा सल्ला असा, की सिव्हिलला नको, ओळखीचे भेटतात; ठाण्याला ने, खासगी लॅबमध्ये दुसऱ्या नावाने कर. रुग्णाला 'आधी रिपोर्ट आणा' असं बिनदिक्कत सांगणारे आम्ही, आपल्यावर आलं की गाव बदलायला निघतो! शिवाय त्या रिपोर्टचा भरवसा तरी किती? लागण नुकतीच झाली असेल तर विंडो पिरियडमध्ये चाचणी निगेटिव्हच येते. ग्लोव्ह, मास्क, ऑटोक्लेव्ह यांत रुग्णागणिक फरक करायचा नसतो, तो यासाठीच.

सिव्हिलमध्ये ताईंना एचआयव्ही-प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस लगेच दिला. तो दोन तासांत मिळाला तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही; गरज पडली तर कोर्स 28 दिवसांचा. तिथल्या आयसीटीसीतल्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रातल्या, समुपदेशक बाईंनी ताईंना समजावलं, की पॉझिटिव्ह रुग्णाची सुई टोचली तरी एचआयव्हीची शक्यता हजारात तीनच्या आसपास; लस न घेतलेल्याला हेपटायटिस बीचा धोका मात्र शंभरात तीसपर्यंत जातो. ताईंचे लशीचे तिन्ही डोस झालेले होते.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुमची शेवटची तपासणी कधी?"

रक्तदान केलं होतं कॉलेजात, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. खरं नाव सांगितलं, बाही वर केली. तपासणी मोफत, नाव गुप्त.

बागायतदारांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, ताईंच्या गोळ्या थांबल्या. पुढच्या तपासण्यांच्या तारखा तेवढ्या लिहून दिल्या. माझाही निगेटिव्ह. मित्राला हे सगळं सांगितलं तेव्हा तो नुसता हसला. नंतर एकदा त्याचाच फोन आला, "सिव्हिलला गर्दी कोणत्या वेळी कमी असते रे?"