थकव्याचा जमाखर्च

व्यापारी घरात थकव्याला फारसे स्थान नसते. पहाटे उठावे, देवदर्शन उरकून दुकान उघडावे आणि रात्री गल्ला मोजूनच घरी परतावे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त. गादीवर बसून डुलक्या घेणारा माणूस अशा घरात आळशी ठरतो आणि हा डाग सहसा पुसला जात नाही. स्नायू क्षीण करणारा आजार ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांना कित्येकदा आजाराहून हा डागच अधिक बोचतो.

किराणा-भुसाराच्या एका एकत्र पेढीवर तीन भावांतील मधल्या बंधूंच्या बाबतीत असेच घडले. बरणीचे झाकण फिरवल्यावर त्यांची बोटे त्यावरच अडकून राहत. घट्ट मिटलेली मूठ लवकर सुटत नसे. चाळिशीपूर्वीच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. या गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनात आले नाही. दुपारी गिऱ्हाईक समोर उभे असताना त्यांचे डोळे मिटत, तेवढे मात्र साऱ्या बाजाराने पाहिले. अखेर थोरल्या बंधूंनी भागीदारीचा करारनामा नव्याने करण्याचा विषय काढला. काम करणाऱ्याला वाटा आणि झोपणाऱ्याला पगार, असा त्यांचा रोख होता.

मेंदूविकारतज्ज्ञांनी हात, डोळे आणि झोप या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या व जनुकीय तपासणी सुचवली. निदान झाले मायोटोनिक डिस्ट्रॉफीचे. हान्स स्टाइनर्ट या जर्मन वैद्यांनी १९०९ मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि १९९२ मध्ये त्याच्या मुळाशी असलेला जनुकीय दोष सापडला. या आजारात स्नायू हळूहळू क्षीण होतात. शिवाय हृदयाची लय बिघडू शकते आणि झोप-जागेचे नियमन करणारी मेंदूतील व्यवस्थाही विस्कटते. भरपूर झोपूनही दिवसा अनावर पेंग येणे हा आजाराचाच भाग असतो. आळसाचा आरोप या एका वाक्याने निकालात निघायला हवा होता. पण घरातल्या समजुती वैद्यकीय अहवालाच्या वेगाने बदलत नाहीत.

हृदयाचा आलेख पाहून डॉक्टरांनी मोडाफिनिल ही गोळी अल्प मात्रेत सुरू केली. मूळची ही नार्कोलेप्सी नावाच्या निद्राविकारावरची गोळी. मायोटोनिक डिस्ट्रॉफीच्या रुग्णांवरील काही लहान चाचण्यांत तिने दिवसाची पेंग कमी झाली, तर एका चाचणीत तसा फरक सिद्ध झाला नाही. युरोपात २०११ पासून तिचा अधिकृत वापर नार्कोलेप्सीपुरताच मर्यादित आहे. म्हणून ती सर्वांना लागू पडेल असे मानू नये आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ तर मुळीच नये. डोकेदुखी, अस्वस्थता, भूक मंदावणे असे त्रास होऊ शकतात. अंगावर पुरळ उठल्यास गोळी थांबवून त्वरित डॉक्टरांना दाखवावे लागते. स्त्रियांच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही तिच्यामुळे उणावतो.

मधल्या बंधूंना गोळी लागू पडली. पहिल्याच आठवड्यात दुपारचे डोळे उघडे राहू लागले आणि त्यांना गेलेली पत परत मिळाल्यासारखे वाटले. दिवाळीपूर्वी शिल्लक मालाची मोजदाद त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतली. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत ते गोदामात उभे होते. दुपारी परस्पर आणखी एक गोळीही घेतली. रात्री झोप लागली नाही आणि पुढचे तीन दिवस त्यांना जिन्याच्या पायऱ्या चढवेनात.

या गोळीचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायलाच बारा-पंधरा तास लागतात. त्यामुळे दुपारची मात्रा रात्रीची झोप खाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. गोळी पेंग घालवते, स्नायूंना बळ देत नाही. डोळे उघडे राहिले म्हणून पायांत ताकद आली असे होत नाही. तिजोरीची किल्ली मिळाली, तरी आतली रोकड होती तेवढीच राहते.

डॉक्टरांनी मग रात्रीच्या झोपेची तपासणी करवली. श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्याने झोपेत श्वास उथळ होत होता आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत होता. सकाळचे डोके जड असण्याचे हेच कारण होते. रात्री मुखवट्यातून श्वासाला आधार देणारे यंत्र सुरू झाले. त्यापूर्वी नुसती गोळी वाढवत राहणे म्हणजे गळती न शोधता हौदात पाणी ओतणे ठरले असते.

आज त्यांचा दिनक्रम ठरलेला आहे. नवकारशीनंतर न्याहारी आणि गोळी. ती दिवसातून एकदाच व सकाळी घ्यायची असल्याने चौविहाराच्या नियमाला बाध येत नाही. पर्युषणात लागोपाठचे उपवास मात्र त्यांनी डॉक्टरांशी बोलून सोडले आहेत. तप यथाशक्ती असावे, हेच ते प्रमाण मानतात. दहा ते एक हिशेब व वसुलीचे फोन, मग विश्रांती, संध्याकाळी थोडे चालणे. फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स व ब्रिटन या देशांतील २५५ रुग्णांच्या अभ्यासात, विचार व सवयी बदलणारे समुपदेशन आणि झेपेल तसा वाढवलेला व्यायाम यांनी रुग्णांची हालचाल वाढल्याचे दिसले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दमण्यापूर्वी थांबणे हा त्या शिकवणीतला कठीण धडा आहे, विशेषतः दमणे हीच निष्ठा मानणाऱ्या घरात.

झोपेच्या तपासणीचा कागद थोरल्या बंधूंनी दोनदा वाचला. करारनाम्याचा मसुदा नव्याने झाला खरा, पण तिघांचे वाटे पूर्वीइतकेच राहिले. प्रत्येकाच्या कामाचे तास तेवढे वेगळे लिहिले गेले.

एक प्रश्न अजून उघडा आहे. हा आजार प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता निम्मी असते आणि पुढच्या पिढीत तो बहुधा लवकर व अधिक तीव्रतेने दिसतो. बावीस वर्षांच्या मुलीसाठी स्थळे येऊ लागली आहेत. तपासणीचा विषय लग्नानंतर पाहू, असे आईचे मत. वडिलांचे मत निराळे आहे : तपासणी करायची की नाही हे जनुकीय समुपदेशकाशी बोलून मुलीने स्वतः ठरवावे, आणि घरातला आजार मात्र समोरच्या कुटुंबापासून लपवू नये. ते म्हणतात, आपल्याला आळशी म्हटले गेले ती वर्षे आजाराहून जड होती. मुलीने अजून काही ठरवलेले नाही. तिने समुपदेशकांची वेळ घेतली आहे, आणि वडिलांनी सोबत यावे असे सांगितले आहे. सकाळी, त्यांच्या दहा ते एकच्या वेळात.