कापलेली कडा : जुनी बेसबॉल कार्डे जमवू पाहणाऱ्यांसाठी

१/ २०१३ साली शिकागोच्या संघीय न्यायालयात बिल मास्ट्रो या नामांकित लिलावदाराने गुन्हा कबूल केला. खटला होता लिलावात खोट्या बोली लावून किमती फुगवल्याचा. पण त्याच कबुलीतील एका गोष्टीने संग्राहकांचे जग हादरले. जगातील सर्वांत प्रसिद्ध बेसबॉल कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या, असे त्याने मान्य केले.

२/ ते कार्ड होनस वॅगनर या खेळाडूचे. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची रंगीत चित्रे वाटली. वॅगनरने आपले चित्र वापरण्यास हरकत घेतली आणि त्याचे कार्ड लवकरच बंद झाले. हरकतीचे कारण तंबाखूचा तिटकारा की मोबदल्याचा प्रश्न, यावर आजही वाद आहे. ज्ञात प्रती मात्र जेमतेम ५०-६०.

३/ मास्ट्रोने हे कार्ड १९८५ मध्ये २५ हजार डॉलरना घेतले आणि दोन वर्षांनी चौपटीहून अधिक किमतीला विकले. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ते ४ लाख ५१ हजारांना घेतले. पीएसए या परीक्षक संस्थेने दर्जा ठरवलेले हे पहिलेच कार्ड. त्याला १० पैकी ८ गुण मिळाले. २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाखांवर गेली.

४/ या छंदात नव्याने उतरणाऱ्याने पहिला धडा येथेच घ्यावा. सुबक ते अस्सल, असे नसते. बखरीची वळणदार अक्षरांतील नक्कल आणि वाळवीने खाल्लेला समकालीन कागद यांतील कोणता अधिक विश्वासार्ह, हे इतिहासाच्या वाचकाला सांगावे लागत नाही. कार्ड हेही एक साधन आहे. साधनाला जे प्रश्न विचारायचे, तेच त्यालाही विचारावेत.

५/ पहिला प्रश्न आकाराचा. वॅगनरचे कार्ड ज्या मालिकेतले, ती ‘टी २०६’ या नावाने ओळखली जाते. तिची कार्डे साधारण ३.७ सें.मी. रुंद आणि ६.७ सें.मी. उंच असतात. कारखान्यातील कापणी काटेकोर नव्हती, म्हणून किंचित फरक म्हणजे लबाडी नव्हे. पण जुना कागद हाताळून कोपऱ्यांशी मऊ होतो. कार्ड जीर्ण आणि एकच कड मात्र ताज्या पात्यासारखी सरळ असेल, तर तेथे थांबावे.

६/ दुसरा प्रश्न छपाईचा. मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातील देवदेवतांची चित्रे ज्या रंगीत शिळाछपाईने निघत, त्याच तंत्राने ही कार्डे छापली गेली. भिंगाखाली खेळाडूच्या नावाची अक्षरे सलग शाईची दिसतात. छायाचित्र काढून केलेल्या आधुनिक नकलेत तीच अक्षरे बारीक ठिपक्यांत फुटतात. चांगले भिंग हेच नवख्याचे पहिले हत्यार.

७/ तिसरा प्रश्न कागदाचा. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घालण्याची रीत विसाव्या शतकाच्या मध्यास रुळली. १९१० चे म्हणवणारे कार्ड अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरे उजळले, तर संशय घ्यावा. उलटपक्षी, ते उजळले नाही म्हणून अस्सल ठरत नाही. जुना कोरा कागद नकलाकारालाही मिळतो.

८/ चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात : मागे काय आहे? टी २०६ च्या पाठीवर पीडमॉन्ट, स्वीट कॅपोरल अशा सिगारेटच्या छापांची जाहिरात असते. अनेक कार्डांवर कारखान्याचा क्रमांक आणि करजिल्हाही असतो. पुढे खेळाडू; मागे अमेरिकेची तंबाखूवरील मक्तेदारी. ती मक्तेदारी सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये मोडली आणि ही मालिकाही त्याच वर्षी संपली.

९/ मग सुरुवात कोठून करावी? वॅगनरपासून नव्हे. या मालिकेत पाचशेहून अधिक कार्डे आहेत आणि बहुतेकांवर आज कोणाला आठवत नाहीत असे खेळाडू आहेत. पीडमॉन्टच्या पाठीचे, कोपरे झिजलेले, मध्ये घडी पडलेले असे एखादे साधे कार्ड घ्यावे. ती घडी कोणा मुलाच्या खिशातली असू शकते. शतकापूर्वीचा अस्सल कागद हातात येतो आणि चूक झालीच तर ती परवडते.

१०/ दुर्मिळता कशी घडते, हेही समजून घ्यावे. १९५२ च्या टॉप्स मालिकेतील मिकी मँटलचे कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेले. त्या मालिकेचा शेवटचा भाग हंगाम सरत आल्यावर बाजारात आला आणि पडून राहिला. पुढे १९६० मध्ये उरलेला माल आपण अटलांटिक समुद्रात बुडवला, असे टॉप्सचे साय बर्जर सांगत. याउलट, १९८० च्या दशकाअखेरची कार्डे ‘पुढे मोल येईल’ म्हणून लोकांनी जपून ठेवली. म्हणूनच त्यांतील बहुतेकांना मोल आले नाही.

११/ परीक्षक संस्थेच्या पारदर्शक डबीतील गुण उपयोगी असतात, पण तो निकाल नव्हे, मत आहे. वॅगनरच्या कापलेल्या कार्डालाही आठ गुण मिळाले होते. महागडे कार्ड घेताना डबीबरोबर त्याच्या मागील मालकांची साखळी विचारावी. आपल्याकडचे कार्ड पुसू नये, दाबून सपाट करू नये, रंगवू नये. ते केव्हा, कोठून, किती किमतीला घेतले, याची नोंद ठेवावी.

१२/ आणि जे नाही तेही पाहावे. अमेरिकेतील तंबाखू व च्युइंगगमच्या जुन्या कार्डांवर कृष्णवर्णीय खेळाडू जवळजवळ दिसत नाहीत. जॉश गिब्सन हा त्या काळातील थोर फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये वारला. जॅकी रॉबिन्सनने वर्णभेदाची भिंत ओलांडली ती त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. गिब्सनचे प्रसिद्ध कार्ड त्याच्या मृत्यूनंतर निघाले, तेही प्वेर्तो रिकोत. त्याच्या हयातीतले अमेरिकन संच पूर्ण जमवले तरी ते अपुरेच राहतात.

१३/ शेवटी जेफरसन बर्डिक यांचे स्मरण. ‘टी २०६’ हे नाव त्यांच्याच वर्गीकरणातले. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातील तंबाखूची कार्डे. सिरॅक्यूसच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या या माणसाने तीन लाखांहून अधिक छापील कागद जमवले. त्यांत सुमारे तीस हजार बेसबॉल कार्डे होती, वॅगनरही होता. हे सारे त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. संधिवाताने आखडलेल्या हातांनी ते वर्षानुवर्षे तेथे बसून कार्डे वह्यांत चिकटवत राहिले. १९६३ च्या आरंभी काम संपले आणि मार्चमध्ये ते गेले.

१४/ आजच्या बाजारात डिंक लावलेल्या कार्डाचे मोल उतरते. म्हणजे बर्डिक यांनीही कार्डांना इजा केली आणि मास्ट्रोनेही. फरक इतकाच की बर्डिक यांचा डिंक सर्वांना दिसतो आणि त्याची नोंद आहे. मास्ट्रोची कात्री जवळपास तीन दशके लपून राहिली. झिजणे हा कागदाचा धर्म आहे. नव्या संग्राहकाने झिजलेले कार्ड आनंदाने घ्यावे. लपवलेली कडा मात्र, कितीही सुबक असली तरी, घेऊ नये आणि पुढे विकूही नये.