एक्स्टेन्शन ४२१७, मुक्काम पोस्ट इंदूर

मी नक्की काय काम करतो हे आमच्या घरात अजून कोणाला नीट कळलेलं नाही. आजी सगळ्यांना ठोकून सांगते, "आमचा नातू टेलिफोन खात्यात आहे." इंजिनियरिंगची चार वर्षं, वर आयटीतली सहा वर्षं, आणि शेवटी टेलिफोन खातं! पण खरं सांगायचं तर आजी फारशी चुकत नाही. गावोगावी हापिसं असलेल्या कंपन्यांचे फोन एकमेकांशी जोडून देणं, हेच माझं काम. आज शनिवार आहे, चहाही झालाय, तेव्हा त्याबद्दलच थोडं.

समजा, तुमचं हेड ऑफिस पुण्यात आणि एक शाखा इंदूरला. पुण्याच्या अकाउंट्समध्ये कोणी ४२१७ दाबलं की इंदूरच्या स्टोअरमधला फोन वाजतो. शून्य नाही, एसटीडी कोड नाही. जणू इंदूर म्हणजे पलीकडचं टेबल. आम्हा लोकांची सगळी धडपड या एका भासासाठी असते.

नंबर लागणं हा त्यातला सोपा भाग. खरी गंमत पुढच्या सुविधांमध्ये आहे. 'कॉलबॅक'च घ्या. ४२१७ एंगेज आहे, तुम्ही एक बटण दाबून फोन ठेवलात. दोन्ही फोन एकाच एक्स्चेंजवर असतील तर ते नुसतं लक्ष ठेवतं. पण इंदूरला वेगळं एक्स्चेंज असेल, तर तिथला फोन मोकळा झाला हे पुण्याला कळणार कसं? मग पुण्याचं एक्स्चेंज इंदूरच्या एक्स्चेंजकडे निरोप ठेवतं, "४२१७ मोकळा झाला की कळव." तोवर लाइन अडवून ठेवायची नाही, फक्त निरोप. उलट निरोप आला की आधी तुमचा फोन वाजतो, आणि तुम्ही उचललात की मग तिकडचा.

आता ट्रान्सफर. इंदूरहून कोणीतरी पुण्याच्या रिसेप्शनला फोन केला, आणि तिथून तो इंदूरच्याच दुसऱ्या माणसाला जोडला गेला. बोलणारे दोघं एकमेकांपासून दहा फुटांवर, पण आवाज पुण्याला जाऊन परत इंदूरला येतोय! जुन्या ई-वन लाइनवर एका वेळी ३० कॉल मावायचे, त्यातल्या दोन जागा या एका गप्पांत गेल्या. याला आमच्यात ट्रॉम्बोन म्हणतात. त्या वाद्याची नळी अशीच लांब जाऊन वळून परत येते. शहाणी एक्स्चेंजेस आपापसात बोलून नवा, जवळचा रस्ता शोधतात आणि जुना सोडून देतात. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

अर्थात, त्यासाठी दोन्हीकडच्या एक्स्चेंजची भाषा एक हवी. पूर्वी प्रत्येक कंपनीची बोली वेगळी असायची. मग १९९० च्या दशकात क्यूसिग नावाची प्रमाण भाषा आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांच्या सुविधा समजू लागली. आता बहुतेक ठिकाणी सिप असतं. साधा कॉल त्यावर झकास जातो, पण खास सुविधा अजूनही कंपनी बदलली की लंगडतात.

तर मंडळी, हे सगळं अंतर लपवण्याबद्दल झालं. पण एक कॉल असा आहे, ज्यात अंतर लपवलं तर घात होतो.

खर्च वाचवायला हल्ली शाखेतल्या लोकल लाइन काढून टाकतात. एक्स्चेंज एकच, पुण्यात. बाहेरचा प्रत्येक कॉल तिथूनच जातो. एका क्लायंटच्या इंदूर शाखेत हाच बेत होता. फोन लावून झाले आणि रात्रपाळीच्या वॉचमनकाकांनी विचारलं, "साहब, आग लग गई तो कौन-सा नंबर लगाऊँ?" प्रश्न साधा होता. उत्तर नव्हतं. कारण काकांनी ११२ लावला असता, तर तो पुण्याच्या लाइनवरून, पुण्याचा नंबर घेऊन बाहेर पडला असता. आग मध्य प्रदेशात आणि फोन महाराष्ट्रात! त्यातून पुण्याची लिंक तुटलेली असेल तर तेवढंही नाही.

क्लायंटचे मॅनेजर म्हणाले, "मोबाईल आहेत ना सगळ्यांकडे." आहेत की. पण स्टोअर तळघरात, आणि तिथे रेंज शून्य. तिथे होता फक्त तो ४२१७.

मग मीटिंगमध्ये मी त्यांना कारी हंटबद्दल सांगितलं. डिसेंबर २०१३, अमेरिकेतल्या टेक्सासमधलं मार्शल गाव. मोटेलच्या खोलीत कारीवर तिच्या विभक्त नवऱ्याने हल्ला केला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११ लावला. शाळेत शिकवलं होतं तसाच. पण त्या फोनवरून बाहेर कॉल करायचा तर आधी आणखी एक ९ दाबावा लागायचा, आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. कारी वाचली नाही. २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला: १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या अशा सिस्टिमवर ९११ थेट लागलाच पाहिजे, आणि तो लागल्याची खबर रिसेप्शनसारख्या ठिकाणी गेली पाहिजे.

मीटिंगमध्ये जरा वेळ कोणी बोललं नाही. तरी आणखी दोन मीटिंगा झाल्याच, लाइनच्या भाड्यावरून. शेवटी इंदूरला एक लोकल लाइन राहिली. तिथल्या फोनवरून ११२, १०१, १०८ लावले की ते त्याच लाइनवरून जातात. आधी शून्य नाही, पुण्याची परवानगी नाही. छोटं लोकल गेटवेही ठेवलं, म्हणजे लिंक तुटली तरी चालेल. चाचणीचा कॉल काकांनीच केला, "ये सिर्फ टेस्टिंग है" असं आधी सांगून.

तेव्हा सोमवारी हापिसात गेलात की आपल्या अ‍ॅडमिनला एकच प्रश्न विचारा: माझ्या डेस्कवरून ११२ लावला तर तो कुठल्या गावातून बाहेर पडतो? (उगाच लावून बघू नका!) आणि घरून काम करताना लॅपटॉपवरच्या ऑफिस फोनच्या भरवशावर राहू नका. तुम्ही साताऱ्यात आहात की सोलापुरात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. अशा वेळी सरळ मोबाईल उचला.