सातबारा जपता, मग आधारचा आकडा का नाही?

शेतकऱ्याच्या घरी सातबारा, खरेदीखत आणि पासबुक पत्र्याच्या पेटीत कुलपाआड असते, हे मी नोकरीच्या तीस वर्षांत गावोगाव पाहत आलो. त्याच घरातल्या आधार कार्डाच्या झेरॉक्स मात्र मोकाट फिरतात. खताला एक, पीक विम्याला एक, कर्जाला दोन. शिबिर आटोपल्यावर टेबलाखाली पडलेल्या अशा प्रती मी कितीदा तरी गोळा केल्या आहेत. त्यावर नाव, गाव, फोटो, आकडा आणि खाली सहीसुद्धा!

माहिती फक्त कागदावरून फुटते असेही नाही. किसान सन्मान निधीच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेरच्याला मिळू शकतात, हे एका संशोधकाने २०२२ साली दाखवून दिले. नंतर ती फट बुजवली गेली. त्यात शेतकऱ्याचा दोष काय? त्याने नियमाप्रमाणे नोंदणी केली होती, एवढेच.

यावर कायदा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. माहिती फुटली तर ती ज्याची, त्याला विनाविलंब कळवण्याचे बंधनही आहे.

पण खरी मेख पुढे आहे. हा दंड सरकारी तिजोरीत जातो, नुकसान झालेल्याच्या हाती त्यातला पैसाही पडत नाही. पीक खाल्ले आपले आणि दंड भरला कोंडवाड्यात, अशी गत! शिवाय कायदा संगणकातल्या माहितीपुरता आहे. कुणाच्या दुकानात पडून राहिलेली झेरॉक्स त्यात येत नाही.

तेव्हा कुंपण आपणच घालायचे. झेरॉक्सवर आडवे लिहावे: ‘फक्त पीक विम्यासाठी’, आणि तारीख टाकावी. चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारी आधारची प्रत द्यावी. अंगठा लावून पैसे काढत नसाल तर घरातल्या शिकत्या मुलामुलींकडून आधारचे बायोमेट्रिक लॉक करून घ्यावे. आधारची चौकशी १९४७ या क्रमांकावर होते. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नये. खात्यातून पैसे गेलेच, तर गावात चर्चा करत न बसता आधी १९३० ला फोन लावावा.

आणि आम्ही अधिकारी कागद मागतो तेव्हा बेधडक विचारा: साहेब, हा कशाला हवा, आणि काम झाल्यावर जातो कुठे? बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचून घ्या, असे मीच तुम्हाला सांगत आलो. मग या प्रश्नाचा मला राग कसा येईल?