गोठलेला नकाशा

एडमंटन ही कॅनडाच्या आल्बर्टा प्रांताची राजधानी. उत्तर सस्कॅचवान नदीच्या खोल दरीच्या दोन्ही काठांवर वसलेले हे शहर विषुववृत्तापासून साडेत्रेपन्न अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे सकाळी पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. प्रथमच तेथे उतरलेल्या माणसाला बर्फ अपेक्षित असतो, म्हणून त्याचे नवल वाटत नाही. नवल वाटते ते मोटारींचे. उभ्या असलेल्या कित्येक मोटारींच्या तोंडातून एक वायर लोंबत असते आणि तिच्या टोकाला विजेचा प्लग असतो. त्या काही विजेवर चालणाऱ्या गाड्या नव्हेत. साध्या पेट्रोलच्या इंजिनाला रात्रभर ऊब देणारे ब्लॉक हीटर नावाचे उपकरण त्या वायरीवर चालते. पारा उणे वीसच्या खाली गेला की इंजिनातील तेल दाट होते आणि बॅटरीचा जोर ओसरतो. अशा गाडीला सकाळी जागे करायचे, तर रात्री तिला शेकावे लागते.

२०२२ च्या डिसेंबरात आम्ही उभयता धाकट्या मुलाकडे तेथे गेलो होतो. त्या आठवड्यात सकाळचे तापमान उणे तीसच्याही खाली होते. उणे चाळीसला तर सेल्सिअस आणि फॅरनहाइट हे दोन्ही आकडे एक होतात, म्हणजे ‘कोणत्या मापाने?’ हा प्रश्नच उरत नाही. सांगलीत बारा अंशांवर पारा आला की मफलर गुंडाळणाऱ्या आम्हा मंडळींना ही थंडी हाडांपेक्षा आधी नाकात कळली. श्वास घेताच नाकातील ओलावा गोठून टोचू लागतो.

जॅस्परला जाण्याचा बेत आधीच ठरला होता. सुमारे ३६५ किलोमीटरचा रस्ता. म्हणून उजाडण्यापूर्वीच निघालो. इंजिन रात्रभर शेकलेले असल्याने पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. डॅशबोर्डवरील नकाशाचा पडदा मात्र रात्रभर उणे तीसमध्ये उघडा पडला होता. त्याला कोण शेकणार? तो उजळला, पण त्यावरील चित्र पुसट आणि चिकट वाटत होते. गाडी वळली की नकाशा वळायला हवा; येथे जुने चित्र पुरते पुसले जाण्याआधी नवे त्यावर उमटत होते आणि रस्त्यांच्या मागे त्यांचीच भुते लागल्यासारखी दिसत होती. अक्षरे एकमेकांत मिसळली होती. मुलाने हातमोज्यासकट बोट टेकवून पाहिले, तर पडद्याने दाद दिली नाही.

हा सारा प्रकार मौजेचा वाटावा, पण शहराभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गावर चढल्यावर मौज संपली. तेथे गाडी ताशी शंभर किलोमीटरने धावते, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. बाहेर पडण्याचे फाटे एकामागून एक येतात आणि बाहेर अंधार असतो. पडद्यावर वळण स्पष्ट दिसेपर्यंत ते मागे पडलेले असणार. आश्चर्य हे, की त्याच यंत्राचा आवाज अचूक वेळेवर बोलत होता. ‘पुढील फाट्याने उजवीकडे’ अशी सूचना आली तेव्हा पडद्यावरचा बाण अजून मागच्या पुलाखाली घुटमळत होता. मुलाने पडद्याकडे पाहणेच सोडले आणि केवळ कानांवर भिस्त ठेवून गाडी पश्चिमेच्या रस्त्याला लावली.

माझ्या बँकेतल्या दिवसांची मला आठवण झाली. खात्यात रक्कम जमा झालेली असे, परंतु पासबुकात नोंद उतरली नसल्यामुळे खातेदार हवालदिल होऊन काउंटरशी उभा राही. येथेही खाते चोख होते. ज्या उपग्रहांवरून गाडी आपले ठिकाण ओळखते, ते पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. एडमंटनच्या थंडीचे त्यांना काय? गाडी कोठे आहे हे यंत्राला ठाऊक होते. नोंद उतरवणारा हात तेवढा बधिर झाला होता.

हा हात म्हणजे द्रवस्फटिक. १८८८ साली प्रागमध्ये फ्रिडरिश रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या एका पदार्थाचा अभ्यास करत होता. (गाजर आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात येत नाही, त्याने विज्ञानाची अशी सेवा केली आहे, एवढे नोंदवून पुढे जाऊ.) तो पदार्थ १४५ अंशांवर वितळून गढूळ झाला आणि १७८ अंशांच्या आसपास एकाएकी स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला वितळण्याचे दोन टप्पे कसे? ऑटो लेहमान या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ताडले, की मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहतो आणि स्फटिकासारखी शिस्तही पाळतो. नेहमीच्या तापमानाला टिकणारे आणि पडद्याला उपयोगी पडणारे द्रवस्फटिक मात्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले.

पडद्यात दोन काचांमध्ये या द्रवाचा अतिशय पातळ थर असतो. वीज मिळाली की त्याचे लांबट रेणू कूस बदलतात आणि मागचा प्रकाश अडतो किंवा पुढे जातो. त्यातून चित्र घडते. थंडीत हा द्रव दाट होतो. आपल्याकडे पौषात खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. द्रवस्फटिकाची गत त्या मानाने बरी, कारण तो गोठण्याच्या पुष्कळ आधीपासून केवळ मंदावतो. रेणूंना कूस बदलायला वेळ लागतो आणि आपल्याला जुन्या चित्राची सावली दिसत राहते. घरातले पडदे साधारणपणे शून्य ते पन्नास अंशांच्या हिशेबाने बनतात, तर मोटारींसाठी उणे तीसपर्यंत तग धरणारी मिश्रणे वापरतात. तग धरणे आणि चपळ राहणे यांतला फरक आम्ही त्या सकाळी पाहिला. गाडीतील हवा तापत गेली तसा पडदा हळूहळू सावरला आणि शहर मागे पडेपर्यंत अगदी शहाण्यासारखा वागू लागला.

खिशातल्या फोनची कथा निराळी. त्याच्या लिथियम बॅटरीत थंडीमुळे अंतर्गत विरोध वाढतो. चाळीस टक्के शिल्लक दिसत असतानाही फोन एकदम बंद पडतो आणि उबेत आणला की तीच शिल्लक पुन्हा दिसू लागते. गहाण ठेवलेल्या मुदतठेवीसारखे हे आहे. पैसा आहे, पण काढता येत नाही. बॅटरी शून्याखाली असताना चार्जिंग केले तर ती कायमची बिघडू शकते, म्हणून अनेक उपकरणे अशा वेळी चार्जिंग स्वीकारतच नाहीत. आयफोनच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा शून्य ते ३५ अंश अशी सरळ छापलेली आहे. त्यामुळे तेथील लोक फोन कोटाच्या आतल्या खिशात, अंगालगत ठेवतात. काचेला चिकटवायचे सुटे नकाशायंत्र रात्री घरात नेतात, आणि उबेत आल्यावर त्यावर दव धरते म्हणून ते सुकेपर्यंत सुरू करत नाहीत.

हे केवळ परदेशाचे कौतुक नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलात भर हिवाळ्यातही मोटारी जाऊ लागल्या आहेत. पूर्वी रोहतांग बर्फाने बंद झाला की ते खोरे महिनोन्‌महिने तुटलेले असे. आता सहलीला गेलेली आपली कुटुंबे जानेवारीत सिस्सूपर्यंत सहज जातात. रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीचा पडदा तेथेही सकाळी आळस करील. मुक्कामाचे ठिकाण हॉटेलात बसूनच यंत्रात भरून घ्यावे आणि त्या भागाचा नकाशा मनालीतच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

जॅस्परहून दुसऱ्या दिवशी आम्ही लेक लुईसला निघालो. आइसफील्ड्स पार्कवे हा २३२ किलोमीटरचा रस्ता १९३० च्या मंदीत बेकारांना काम देण्यासाठी बांधायला घेतला आणि १९४० साली खुला झाला. हिवाळ्यात त्यावर बर्फाचे टायर सक्तीचे असतात. बहुतेक वाटेवर मोबाइलची रेंज नाही आणि मध्यावरचा एकमेव पंप हिवाळ्यात बंद असतो. त्या दिवशी पडदा लख्ख होता, पण रेंजवाचून फोन काही शोधू शकत नव्हता. मुलाने निघताना टाकी काठोकाठ भरली. मागे फावडे, घोंगड्या आणि एका खोल डब्यात मेणबत्त्या होत्या. गाडी अडकून पडली तर डब्यातली एक मेणबत्तीही आत थोडी ऊब धरते, असे त्याने सांगितले. दरवाजाच्या कप्प्यातून त्याने घड्यांवर विरलेला कागदी नकाशा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “बाबा, आज तुम्ही सांगा.”

मग मी बोट ठेवून एकेक ठिकाण सांगत गेलो. अथाबास्का हिमनदी रस्त्यावरूनच दिसली, निळसर आणि अजस्र. सस्कॅचवान क्रॉसिंगचा पंप बर्फात अर्धा बुडालेला होता. सौ. मागून खाकरे पुढे करत राहिली. थंडीत ते इतके कडक झाले होते की प्रत्येकाचा घास साऱ्या गाडीला ऐकू येत होता. लेक लुईसला पोहोचलो तेव्हा उजेड शिल्लक होता. सरोवर काठापासून काठापर्यंत गोठले होते आणि त्यावर लहान मुले घसरण्याचे जोडे घालून भराभर फेऱ्या मारत होती.