कपाटांसमोरचा लेखक

ग्रंथालयातले लेखकाचे व्याख्यान मैदानावरच्या भाषणापेक्षा वेगळे असते. वक्त्याच्या पाठीमागे पुस्तकांची कपाटे असतात, आणि ऐकलेले खरे की खोटे हे श्रोत्याला दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या खिडकीपाशी जाऊन ताडून पाहता येते. माहीम, दादर, परळ, गिरगाव या पट्ट्यात वाढलेल्या मराठी वाचकाला असे व्याख्यान बालपणी पहिल्यांदा भेटते आणि पुढे आयुष्यभर भेटत राहते. वय बदलते तसे त्यातून मिळणारेही बदलते.

या प्रथेत दोन जुने प्रवाह एकत्र आले आहेत. एक वाचनालयांचा. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चे. दुसरा प्रवाह व्याख्यानांचा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली आणि १८७८ मध्ये लोकहितवादींच्या साथीने ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरवले. पुस्तके जमवणारे आणि बोलणारे लोक बहुतेक तेच होते, त्यामुळे दोन्ही कामे एका छपराखाली यायला वेळ लागला नाही.

गिरणगावात त्यांना आणखी एक जोड मिळाली. नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११पासून कामगारवस्तीत रात्रशाळा आणि फिरती वाचनालये चालवली. वाचनालयाच्या पायऱ्या चढण्याची ज्याला सवय नव्हती, त्याच्याकडे पुस्तक आणि बोलणारा माणूस दोघेही चालत गेले. मुंबईच्या वाचनसंस्कृतीचे श्रेय देताना या कामाची आठवण फार कमी वेळा काढली जाते. ती काढली पाहिजे.

लहान मुलाला लेखक प्रथम भेटतो तो पाठ्यपुस्तकात. धड्याच्या वर नाव, नावाशेजारी कंसात जन्म आणि मृत्यूची साले. लिहिणारी माणसे होऊन गेलेली असतात, अशी मुलाची नकळत समजूत होते. मग एका संध्याकाळी आई किंवा आजोबा त्याला वाचनालयाच्या सभागृहात घेऊन जातात. टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा पेला असतो आणि खुर्चीत चष्मा पुसत बसलेला माणूस. त्याच्या कंसातले दुसरे साल अजून रिकामे आहे, हे मुलाला पहिल्यांदा कळते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनांनी हे काम दोन पिढ्यांसाठी केले, तर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर यांच्या काव्यवाचनांनी कवितेसाठी. मिरासदारांची गोष्ट कानांनी ऐकलेले मूल नंतर ती छापील पानावर वाचते, तेव्हा विराम कुठे घ्यायचा हे त्याला ठाऊक असते.

तारुण्यात प्रश्न बदलतो. वही भरत चाललेला मुलगा किंवा मुलगी मागच्या रांगेत बसते आणि व्याख्यान संपल्यावर विचारते की लिहायला सुरुवात कशी करावी. या प्रश्नाला दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. वाचा, खूप वाचा, वाचनाने माणूस घडतो, हे पहिले. वाचनालयात येऊन बसलेल्यांना वाचनाचे महत्त्व सांगण्यात ती संध्याकाळ वाया जाते. दुसऱ्या तऱ्हेचा लेखक पिशवीतून कच्चा खर्डा काढतो, पहिला परिच्छेद कितीदा खोडला ते दाखवतो आणि कोणते पात्र शेवटी का वगळले ते सांगतो. श्रोत्याच्या हाती काही लागते ते इथे. लिहिणे हे बसून, खोडून, पुन्हा लिहून करायचे काम आहे हे ज्याने असे डोळ्यांनी पाहिले, तो स्फूर्तीची वाट पाहत थांबत नाही.

मराठीत हा संवाद सर्वांत जास्त बदलला तो १९७०च्या दशकात. दिनकर गांगल आणि त्यांच्या सोबत्यांनी उभी केलेली ‘ग्रंथाली’ स्वतःला वाचक चळवळ म्हणवत होती. तिचे कार्यालय पुढे माहीमच्या हद्दीला लागून असलेल्या टायकलवाडीत आले. सभासदांना सवलतीत पुस्तके देणे आणि गावोगाव ग्रंथप्रदर्शने भरवणे ही तिची रीत. तिने १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८०च्या सुमारास लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध केले. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकच माणूस सांगणारा आणि ऐकणारा असा दुभंगतो. अशा पुस्तकाचा लेखक समोर आला की कल्पना कुठून सुचते हा प्रश्न मागे पडतो. घरच्यांना काय वाटले, वस्तीतले लोक काय म्हणाले, एवढे उघड लिहिण्याची गरज होती का, असे प्रश्न येतात. दया पवारांना आपल्याच समाजातल्या काहींची नाराजी सोसावी लागली. सभागृहातली शांतता सर्वांत जड होते ती अशा प्रश्नांच्या वेळी, आणि लेखनाविषयी सर्वांत जास्त समजते तेही तेव्हाच.

नोकरीच्या वयात श्रोता हळूहळू कार्यकर्ता होतो. संध्याकाळची लोकल पकडून तो थेट वाचनालयात येतो, खुर्च्या मांडतो, माइक तपासतो, वक्त्याला आणायला टॅक्सी पाठवतो. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेत मानधनाचा आकडा बेताचाच असतो. तो फोनवर सांगताना कार्यवाहांना संकोच होतो, आणि बहुतेक लेखक तो संकोच ओळखून विषय बदलतात. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानंतर वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होऊन अनुदान मिळू लागले, तरी व्याख्यानाचा खर्च अनेकदा एखाद्या देणगीदाराच्या वडिलांच्या स्मृतीवरच भागतो.

या सगळ्या तयारीत ग्रंथपालाचे काम सर्वांत कमी दिसते. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी तो वक्त्याची पुस्तके कपाटांतून काढून दाराजवळच्या टेबलावर मांडतो. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी असते. एखाद्या कादंबरीची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली. शेजारच्या कवितासंग्रहावर शेवटचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा. लेखक येतो, टेबलापाशी थांबतो आणि मलपृष्ठाआधी ती चिठ्ठी उघडून पाहतो. पुस्तक कुणी कितीदा घरी नेले याचा इतका सरळ हिशेब त्याला प्रकाशकाच्या पत्रातूनही मिळत नाही.

निवृत्तीनंतर हाच माणूस पहिल्या रांगेत बसू लागतो. त्याच्या पिढीतले पुष्कळ जण १९८२च्या गिरणी संपानंतर आणि जागांचे भाव वाढत गेल्यावर डोंबिवली, ठाणे, विरारकडे गेले. तरी दादरच्या अमर हिंद मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेला किंवा नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातल्या कार्यक्रमाला त्यांतले काही गाडीने येतात. आता व्याख्यान मोबाइलवर घरबसल्याही ऐकता येते, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी ती मोठी सोय आहे. मात्र त्यात टेबलावरची पुस्तके हाताळता येत नाहीत आणि शेजारच्या खुर्चीतून विचारलेला अडचणीचा प्रश्न बहुधा ऐकू येत नाही.

व्याख्यानानंतरचा आठवडा देवघेवीच्या खिडकीवर गर्दीचा जातो. ज्याचा उल्लेख झाला ते पुस्तक मागणारे पाच-सहा सभासद येतात, प्रत एकच असते. ग्रंथपाल नावे क्रमाने लिहून घेतो आणि यादी लांबली तर पुढच्या खरेदीत आणखी एका प्रतीची मागणी लावतो. एखाद्याने मागितलेले पुस्तक त्या वक्त्याचे नसते. त्याने बोलता बोलता नाव घेतलेल्या दुसऱ्याच कुणाचे, आता बाजारात न मिळणारे असते. ते शोधायला ग्रंथपाल शिडी लावून वरच्या कप्प्याकडे जातो.