गोळ्यांचाही हिशेब ठेवा

वैराग हे बार्शी तालुक्यातले बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतला माणूस दुखणेखुपणे घेऊन आधी इथे येतो. इथे गुण आला नाही तर बार्शी, नाहीतर सोलापूर गाठतो. समाजकार्याच्या निमित्ताने आम्ही अशा कितीतरी वडीलधाऱ्यांसोबत दवाखान्याच्या बाकांवर बसलो आहोत. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. औषधातले आम्हास कळते असा आमचा दावा नाही. पण जमाखर्च कळतो. आणि आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांचा जमाखर्च कोणीच ठेवत नाही, हे आम्ही रोज पाहतो.

जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या माणसाचे साठीनंतर गुडघे धरतात. मग बी.पी. निघते, शुगर निघते. बी.पी.ची गोळी एका डॉक्टरांची, शुगरची दुसऱ्यांची, गुडघ्याची मेडिकलमधून तोंडी मागून आणलेली, झोपेची शेजारणीने दिलेली आणि वर बाजारातली पुडी. प्रत्येक डॉक्टर आपल्यापुरते बरोबर लिहितो. सगळी पिशवी एकदम कोणी पाहत नाही. नवी नोंद करणारे पुष्कळ, जुनी खोडणारा कोणी नाही.

आमच्या वस्तीतील एका आजींना सरकारी दवाखान्यातून शुगरच्या गोळ्या मिळत. दिवाळीला पुण्याहून आलेल्या मुलाने त्यांना खाजगी डॉक्टरांना दाखवले. त्यांनीही गोळ्या लिहून दिल्या. जुन्या गोळ्यांची गोष्ट त्यांच्यापुढे निघालीच नाही. दोन पाकिटांचे रंग वेगळे, नावे वेगळी. सून दोन्ही गोळ्या अगदी वेळेवर देत राहिली.

एके पहाटे आजी घामाने भिजल्या, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. कोणी म्हणाले, म्हातारचळ लागला. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे, देवऋष्याला दाखवा. सुनेने कोणाचे ऐकले नाही. जीप करून तिने सासूला दवाखान्यात नेले. रक्तातली साखर फार खाली गेली होती. सुईवाटे साखर दिल्यावर आजींनी सुनेला नावाने हाक मारली. या औषधाचा अंमल बराच काळ टिकतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतले. पिशवी रिकामी केली तेव्हा उलगडा झाला. दोन्ही पाकिटांवर औषधाचे मूळ नाव एकच होते, ग्लिमेपिराइड. सून सातवी शिकलेली. पाकिटावरचे इंग्रजी तिने कसे ताडून पाहावे? तिची सेवा खरी होती. म्हणूनच ही गोष्ट आमच्या मनाला लागली.

वय वाढते तसे मूत्रपिंडाचे काम मंदावते आणि पुष्कळशी औषधे शरीरात जास्त वेळ राहतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या रोज घेतल्या तर बी.पी. वाढते, मूत्रपिंडाला इजा होते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. वाढलेल्या बी.पी.साठी मग आणखी एक गोळी सुरू होते. अम्लोडिपिन या बी.पी.च्या गोळीने काहींचे पाय सुजतात. ती सूज नवा आजार समजून लघवीची गोळी दिली जाते. झोपेच्या गोळीने रात्री तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. बाजारातल्या पुडीत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने चार दिवस बरे वाटते. पुढे शुगर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

हे दुखणे वैरागपुरते नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांमुळे होणारी हानी टाळण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. सर्वसाधारणपणे पाच किंवा अधिक औषधे रोज चालू असतील, तर तिथे विशेष लक्ष द्यावे असे मानतात. आपल्या केंद्र सरकारनेही ऑगस्ट 2024 मध्ये अनेक औषधे एकत्र केलेल्या 156 मिश्रणांवर बंदी घातली.

तेव्हा बंधू-भगिनींनो, एवढे करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, मलमे, थेंब एका पिशवीत भरा. कोणती, कशासाठी, कोणी, केव्हापासून दिली, हे वहीत मुलांकडून लिहून घ्या. पाकिटावरचे मूळ नावही उतरवा. दर सहा महिन्यांनी पिशवी आणि वही एकाच डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, "साहेब, यातली कोणती आता बंद करता येईल?" पाकिटावर लाल उभी रेघ असेल ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

मात्र हे वाचून आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. बी.पी.ची, फिटची किंवा स्टिरॉइडची गोळी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकते. शुगर उतरलेला माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठा.

आपल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांपुढे तोंड उघडण्याचा संकोच वाटतो. मोठ्या माणसाला विचारायचे कसे, अशीच सवय त्यांना लहानपणापासून लावली गेली. त्यांच्या वतीने आपण विचारू या. प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.